आठ महिने वापरलेलं डिस्टिलेशन युनिट, मातीत कोंडलेल्या अमोनियमसाठी

दिवाळीनंतर घेतलं होतं, आता उन्हाळा पण काढला त्याने म्हणून लिहितोय. निफाडकडे आमची छोटी माती परीक्षण लॅब आहे, गिऱ्हाईक बहुतेक द्राक्ष-कांदावाले. साधा उपलब्ध नत्र, म्हणजे परमँगनेटवाली पद्धत, यावर झकास निघतो, तिथे तक्रारच नाही.

पण मी घेतलं वेगळ्याच कामासाठी. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीच्या पापुद्र्यांत जो अमोनियम, म्हणजे नत्राचंच एक रूप, कोंडून बसतो तो केसीएलने (पोटॅशियम क्लोराईडच्या पाण्याने) कितीही धुवा, येत नाही, कारण त्याचा आयन पोटॅशच्या आयनाच्या मापाचाच, पापुद्र्याच्या खड्ड्यात फिट बसतो आणि वरून पापुद्रा मिटतो. त्यासाठी सिल्व्हा आणि ब्रेमनरची 1966 ची पद्धत: आधी हायपोब्रोमाईटने सेंद्रिय नत्र घालवायचा, मग उरलेली माती हायड्रोफ्लोरिक-हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणात 24 तास हलवत ठेवायची, म्हणजे चिकणमातीच विरघळते. मग आमच्या युनिटचं काम: अल्कलीत वाफ सोडली की अमोनिया निघतो, कंडेन्सरमध्ये थंड होऊन बोरिक अ‍ॅसिडमध्ये उतरतो, आणि तो सल्फ्युरिकने मोजायचा.

इथेच पहिला धडा. आमच्या पोराने घाईत हायड्रोफ्लोरिक काचेच्या मेजरिंग सिलिंडरने मोजलं, ते अ‍ॅसिड काच खातं, सिलिंडर दुधाळ झाला, आकडे पण धड वाचता येत नाहीत. आता सगळं प्लास्टिकमध्ये, अ‍ॅसिड कातडीला लागलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी, आणि युनिटच्या काचेच्या नळीत कॉस्टिक पोटॅश आधी, अ‍ॅसिडवाली माती नंतर. उलटं केलं की नळी गेलीच समजा.

एप्रिल-मेमध्ये वेगळाच ताप. टाकीचं पाणी इतकं गरम की कंडेन्सर थंडच होईना, बोरिक अ‍ॅसिडमध्ये गरम थेंब पडायचे आणि अमोनिया उडायचा. अमोनियम सल्फेटचं स्टँडर्ड, म्हणजे नत्र किती ते आधीच माहीत असलेलं द्रावण, कमी यायला लागलं तेव्हा ट्यूब पेटली. आता ड्रममध्ये बर्फाची लादी टाकून कूलरच्या पंपाने पाणी फिरवतो, दिसायला जुगाड पण चालतं. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणे साहेब, पाणी थंड ठेवा. वा!

ब्लँक, म्हणजे माती न घालता तीच चाचणी, मात्र रोज काढा. 0.005 नॉर्मल सल्फ्युरिकचा 1 मिली म्हणजे 70 मायक्रोग्रॅम नायट्रोजन, माती घेतो एकच ग्रॅम, मग बुरेटचा एक थेंब इकडेतिकडे झाला की पीपीएममध्ये साडेतीनचा फरक. बोरिकमधल्या इंडिकेटरचा रंग हिरव्याचा गुलाबी कुठे झाला यावरून मी आणि बायको अजून भांडतो.

शेतकऱ्याला हा आकडा विकता येत नाही हे खरंय. एक अण्णा रिपोर्ट बघून म्हणाले, "आत एवढा नत्र आहे तर मी युरिया कशाला टाकू?" म्हटलं अण्णा, तो घरात आहे पण कडी आतून लावलीय, थोडाफार हळूहळू सुटेल, वरून पोटॅश भरपूर टाकलं तर तेवढाही सुटणं अवघड. त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात टाकली आणि पुढच्या छाटणीला बागेच्या खालच्या प्लॉटची पण माती आणतो म्हणाले.

युनिटच्या दाराचं रबर दोनदा बदललं, तिसरं मागवलंय, महिना झाला अजून आलं नाही.