बाथरूम गळतंय: दिवाणी दावा की ग्राहक आयोग?

ठेकेदाराने बाथरूम नवं करून दिलं आणि महिन्याभरात खालच्या काकूंच्या छताला ओल आली. नहाणी ट्रॅपभोवती वॉटरप्रूफिंगच नीट केलेलं नव्हतं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सल्ल्यांना तोटा नाही, पण महारेरा इथे कामाचं नाही, ते बिल्डरसाठी. पोलीसही बहुधा ‘हे दिवाणी आहे’ म्हणून वाटेला लावतात. उरतात दोन वाटा: शिवाजीनगर कोर्टात दावा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग.

दाव्याला मी कमी लेखत नाही. दाखल करायची मुदत 3 वर्षांची, आयोगाकडे 2. सगळं तोंडी ठरलेलं असेल आणि ठेकेदार कानावर हात ठेवत असेल, तर उलटतपासणीत त्याला घेरता येतं. काम दुकानाचं किंवा ऑफिसचं असेल तर बहुतेक तिकडेच जावं लागेल, कारण धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही.

माझं घोडं अडलं ते फरशीपाशी. वकील म्हणाले, कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करून घेऊ, तोवर काही फोडू नका. म्हणजे आधी अर्ज, मग समोरच्याचा ‘से’ म्हणजे लेखी म्हणणं, मग पुढची तारीख. इकडे काकू रोज सकाळी गळतीखालचं पातेलं रिकामं करायच्या. जिन्यात भेटल्या तर एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं.

शेवटी ठेकेदाराला नोटीस पाठवून पाहणीला बोलावलं. तो फिरकला नाही. इंजिनिअरने चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं, काकूंच्या छताचे फोटो काढले, सहीचा अहवाल दिला. दुसऱ्याच दिवशी फरशी फोडली आणि तक्रार आयोगात टाकली. हेच दाव्यातही चाललं असतं, असं दुसरे एखादे वकील म्हणतीलही. पण आयोगाचं काम शपथपत्रं आणि कागदांवरच बरंचसं चालतं, म्हणून मला धीर आला. शिवाय कामासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. निकालासाठी कायद्यात दिलेले 3 महिने मात्र मनावर घेऊ नका, तारखा तिथेही पडतात.

पहिले 40,000 मी रोख दिले होते. पावती कसली, ‘मिळाले दादा’ एवढा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. तोच छापून जोडला.