स्पॅनिशच्या बोली ऐकायला ‘फोर्वो’ कितपत पुरतं?

कोश अर्थ देतो, फार तर उच्चारचिन्हं देतो. पण तोच शब्द माद्रिदमध्ये कसा कानावर पडतो आणि ब्युनोस आयर्समध्ये कसा, ते ऐकल्याशिवाय समजत नाही. २००८पासून चालू असलेल्या फोर्वो या साइटवर स्पॅनिश शब्द टाकला की लोकांनी स्वतःच्या आवाजात केलेल्या नोंदी मिळतात. शेजारी बोलणारी स्त्री आहे की पुरुष आणि देश कोणता, हे लिहिलेलं असतं. ऐकायला पैसे लागत नाहीत.

एखादा ध्वनी थेट बदलतो तिथे फोर्वो उत्तम चालतं. घराला ‘कासा’ म्हणतात, तो शब्द एस घालून लिहितात. त्याच जागी झेड घातला की अर्थ होतो शिकार. उत्तर आणि मध्य स्पेनमध्ये हा झेड जिभेचं टोक दातांशी आणून, हवा वाहती ठेवून म्हणतात. देवनागरीत त्याला ‘थ’ लिहितात, पण आपल्या ‘थ’मध्ये हवा आधी अडते आणि मग सुटते, त्यामुळे लिपीवर विसंबू नये. लॅटिन अमेरिकेत दोन्ही शब्द ‘कासा’च, याला म्हणतात सेसेओ. दक्षिण स्पेनमधल्या कादिसच्या आसपास काही ठिकाणी उलट प्रकार: दोन्हीकडे तो दातांचा ध्वनी, म्हणजे थेथेओ. (गंमत अशी की लॅटिन अमेरिकेतल्या तोंडी या दोन्ही संज्ञा सारख्याच ऐकू येतात!) भाषांतर करताना थेथेओला ‘बोबडं बोलणं’ म्हणू नये. तो वाणीदोष नाही, त्या भागाची बोलण्याची रीत आहे. मूळ संज्ञा ठेवून पुढे अर्ध्या ओळीत खुलासा करणं बरं.

दोन एलवाला शब्द घ्या, रस्ता या अर्थाचा. बहुतेक ठिकाणी ‘काये’, ब्युनोस आयर्समध्ये ‘काशे’, पॅराग्वेत अजून ‘काल्ये’च्या जवळचा जुना उच्चार टिकून आहे. या तिन्ही उच्चारांच्या नोंदी लागोपाठ लावल्या की वेगळं काही समजवावं लागत नाही.

मर्यादा सुरू होते ती शब्दाच्या आतल्या आणि शेवटच्या ‘स’शी. कॅरिबियन बेटं, चिली, दक्षिण स्पेनमधला अँदालुसिया इथे रोजच्या बोलण्यात ‘कोस्ता’चं ‘कोह्ता’ होतं, शेवटचा ‘स’ तर अनेकदा पार गळतो. पण माइकसमोर सुटा शब्द वाचताना माणूस सावध होतो आणि गळलेला ‘स’ परत येतो. अशी नोंद ऐकून ‘इथे स शाबूत आहे’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकणार. यासाठी यूग्लिश हे संकेतस्थळ जास्त कामाचं: ते व्हिडिओंच्या सबटायटल्समधून शब्द शोधून नेमकं तेच वाक्य वाजवतं. वेग ०.७५ वर ठेवला की ‘ह’ स्पष्ट पकडता येतो.

दुसरी अडचण देशाच्या लेबलची. ‘कोलंबिया’ वाचून फार काही कळत नाही, कारण बोगोतात ‘स’ ठणठणीत आणि कार्ताहेनाच्या किनाऱ्यावर ढिला. ‘स्पेन’ असं लिहिलेला माणूस दक्षिणेतल्या सेव्हिलचाही असू शकतो, उत्तरेतल्या बुर्गोसचाही. स्पेनपुरता यावर एक उपाय आहे. बोलणाऱ्याच्या नावावर क्लिक करा, त्याच्या इतर नोंदी उघडतात. त्यांतून एक झेडवाला आणि एक एसवाला शब्द निवडून ऐका. दोन्ही सारखे आले तर माणूस बहुधा दक्षिणेकडचा किंवा कॅनरी बेटांवरचा. एका देशाच्या निदान तीन नोंदी ऐकल्याशिवाय बोलीबद्दल काही लिहू नये. सर्वाधिक मतं मिळालेली नोंद म्हणजे त्या प्रदेशाचा नमुना, असंही धरू नये. स्वच्छ आवाजालाही मतं पडतात.