खासगी जेटच्या फेरीसाठी परमिट सेवा: नऊ महिने वापरून झाल्यावर

जेट विकलं गेलं की ते उडवत नव्या मालकाकडे पोचवायचं, हे आमचं काम. उडवणारे पायलट वेगळे, माझ्याकडे फक्त कागद. नऊ महिन्यांत पाच विमानं पोचवली आणि पाचही वेळा ओव्हरफ्लाइट परमिट (एखाद्या देशावरून उडून जाण्याची परवानगी), लँडिंग परमिट, हँडलिंग (विमानतळावरची सगळी सोय), पार्किंग हे सगळं एका ट्रिप सपोर्ट कंपनीच्या वार्षिक वर्गणीवर सोपवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि एवढं होऊनही मी त्यांच्याकडेच आहे.

आधी चांगलं. १९४४ च्या शिकागो कराराचं, म्हणजे देशोदेशींच्या विमान वाहतुकीच्या मूळ कराराचं, पाचवं कलम वाचलं तर वाटतं, अनियमित खासगी उड्डाणाला आगाऊ परवानगी लागतच नाही. प्रत्यक्षात कितीतरी देश ती मागतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कुणाला विम्याचं सर्टिफिकेट हवं, कुणाला क्रूचे पासपोर्ट, कुणाचा आठवडा रविवारी सुरू होतो. या माहितीच्या बाबतीत ही मंडळी पक्की आहेत. तिसऱ्या फेरीत इंजिनच्या एका सेन्सरपायी निघायला दीड दिवस उशीर झाला. दोन देशांची परमिटं अजून मुदतीत होती, तिसऱ्याचं मात्र यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाण वेळेनुसार) मध्यरात्री संपणार होतं. रात्रपाळीच्या माणसानं माझा फोन येण्याआधीच सुधारित अर्ज टाकून ठेवला होता. सकाळी नवा नंबर आला, फ्लाइट प्लॅनच्या रकाना १८ मध्ये रिमार्कपुढे चढवला आणि निघालो. त्या रात्रीपुरती वर्गणी वसूल झाली म्हणायला हरकत नाही.

प्रवाशांची आणि क्रूची आगाऊ माहिती पाठवण्यातही कधी चूक सापडली नाही. अमेरिकेसाठी निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी, ब्रिटनसाठी किमान दोन तास आधी, आणि नावं पासपोर्टवर आहेत तश्शी.

आता हिरव्या खुणेबद्दल. त्यांच्या पोर्टलवर प्रत्येक विमानाचं एक पान असतं. नोंदणी, उड्डाणयोग्यता, रेडिओ लायसन्स, विमा, एकेक कागद चढवत गेलं की समोर हिरवी खूण येते. सगळं हिरवं झालं की माणूस निर्धास्त होतो. मीही झालो.

दुसरं विमान अमेरिकन रजिस्टरवरच राहणार होतं. नवा मालक अमेरिकन नागरिक नव्हता, म्हणून मालकी एका ट्रस्टीच्या नावावर. नोंदणीचा अर्ज एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याकडे, गेलेला, पक्कं सर्टिफिकेट यायचं होतं. तोवर विमानात ठेवायची ती तात्पुरती प्रत, जिला सगळे ‘पिंक स्लिप’ म्हणतात, मी स्कॅन करून चढवली. हिरवी खूण आली. परमिटं आली. हँडलर ठरले. निघायच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टननं विमानातली फाइल चाळली आणि मला फोन केला, ‘हा कागद घेऊन मी देशाबाहेर कसा जाऊ?’ बरोबर होतं त्यांचं. ती प्रत फक्त अमेरिकेच्या हद्दीत चालते. बाहेर जायचं तर पक्कं सर्टिफिकेट हवं, नाहीतर रजिस्ट्रीकडून येणारं तात्पुरतं प्रमाणपत्र, ज्याला धंद्यात ‘फ्लाय वायर’ म्हणतात. ते रजिस्ट्रीच्या ओक्लाहोमा सिटीतल्या कचेरीतून मिळेपर्यंत विमान चार दिवस जागेवर. परमिटांच्या तारखा पुन्हा बदलल्या, पार्किंगचं बिल वाढलं, आणि मालकाला काय सांगायचं ते माझं मलाच सुचेना.

कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की खुणेचा अर्थ ‘फाइल मिळाली’ एवढाच. करारात तसं लिहिलंय, बारीक अक्षरात. चूक माझीही आहे, कागद चढवणारा मीच. पण पोर्टलवर तोच रंग ‘परमिट मंजूर’ला वापरायचा आणि ‘फाइल मिळाली’लाही, हे मला अजून पटलेलं नाही.

चौथ्या विमानाचा किस्सा याहून बारीक, आणि मला जास्त घाबरवून गेला. ते अमेरिकन रजिस्टरवरून उतरवून माल्टाच्या रजिस्टरवर नेलं. दोन देशांची नोंदणी एकाच वेळी असू शकत नाही, त्यामुळे आधी जुनी रद्द, मग नवी, आणि मधल्या काळात विमान जमिनीवर. शेपटीजवळची अक्षरं बदलली, दाराजवळची न जळणारी धातूची पट्टी बदलली. पोर्टलवर मी नवी नोंदणी घातली, सगळीकडे ‘९एच’ ही माल्टाची अक्षरं दिसायला लागली. फ्लाइट प्लॅनचा मसुदा आला. रकाना १८ मध्ये ‘कोड’पुढे ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) सहा अक्षरी पत्ता असतो, तो ‘ए’नं सुरू होत होता. ‘ए’ म्हणजे अमेरिका! माल्टाचा पत्ता ‘४डी’नं सुरू होतो. एव्हिऑनिक्सवाल्यानं, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं बघणाऱ्यानं, विमानात नवा पत्ता घातला होता, पोर्टलनं मात्र जुन्या पानावरचा तसाच उचलला होता. तसंच गेलो असतो तर रडारवर दिसणारं विमान आणि प्लॅनमधलं विमान जुळलं नसतं.

ते पाहून ईएलटी आठवला. अपघात झाला तर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारणारं यंत्र. त्याच्या कोडमध्येही देश असतो. तपासलं तर आत अजून अमेरिकाच. म्हणजे समुद्रावर काही बरंवाईट झालं असतं तर शोधपथकानं माहिती विचारायला बहुधा जुन्या मालकाला फोन लावला असता, आणि तो बिचारा म्हणाला असता, विमान तर मी विकलं. यात कंपनीचा दोष नाही, ईएलटी त्यांच्या कामात येतच नाही. पण पोर्टलवर त्याचा रकानासुद्धा नाही. नोंदणी बदलली की हेही बदला, एवढी एक ओळ टाकायला काय हरकत होती?

लायसन्सचंही तसंच. शिकागो कराराच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे पायलटचं लायसन्स विमानाच्या नोंदणीच्या देशानं दिलेलं किंवा ग्राह्य धरलेलं लागतं. विमान माल्टाचं झालं त्या क्षणी आमच्या पायलटचं नुसतं एफएए लायसन्स अपुरं पडलं. पोर्टलवर लायसन्सचा नंबर आणि मुदत विचारतात, कुणी दिलं ते विचारत नाहीत.

पाचव्या फेरीपर्यंत मी शहाणा झालो होतो. प्लॅनच्या रकाना १० मध्ये ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ ही अक्षरं आधीच भरून आली होती. ‘डब्ल्यू’ म्हणजे आरव्हीएसएमची (उंचावर विमानांमधलं उभं अंतर कमी ठेवून उडण्याची) मान्यता, ‘एक्स’ म्हणजे उत्तर अटलांटिकच्या वरच्या थरांतून जाण्याची. यंत्रं विमानात होती, पण मान्यता ऑपरेटरच्या नावावर असते, विमान विकलं की ती सोबत जात नाही. दोन्ही अक्षरं काढायला लावली. मग फ्लाइट लेव्हल २८० च्या (साधारण २८,००० फुटांच्या) वर जाता येईना. खाली इंधन जास्त जळतं, पल्ला घटतो. एका उडीत होणारा प्रवास कॅनडातलं गूझ बे, ग्रीनलंडमधलं नार्सारसुआक, आइसलँडमधलं केफ्लाविक असा तीन थांब्यांचा झाला, आणि त्या तिन्ही ठिकाणची व्यवस्था कंपनीनं अर्ध्या दिवसात चोख करून दिली. राग आणि कौतुक एकाच बिलावर, असं या नऊ महिन्यांत माझं बऱ्याचदा झालंय.

वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली आहे. परमिटं त्यांच्याकडे. विमानातली फाइल मात्र निघायच्या तीन दिवस आधी कॅप्टन आणि मी समोरासमोर बसून उघडतो, एक कागद वाचतो आणि दुसरा त्यावरचा नंबर विमानावर जाऊन बघतो. हिरवी खूण दोन रंगांत करा असं कंपनीला लिहून दोन महिने झाले. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलंय, त्याच्यापुढेही हिरवी खूण आहे.