केमिकल सप्लायरचा दीड वर्षाचा अनुभव: लेबल आणि वजन चोख, पेरॉक्साइडच्या झाकणाचे मात्र मार्क कापले

मी एका छोट्या युनिटचं स्टोअर सांभाळतो. दीड वर्ष झालं, सॉल्व्हंट, कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सगळं आम्ही एकाच डिस्ट्रिब्युटरकडून घेतोय. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे आणि ती त्यांच्याशी थेट बोललोय. भाव काय, गाडी वेळेवर येते का, हे सगळेच लिहितात. माल आत घेताना जे बघावं लागतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे.

यांच्याकडे ड्रम, चलन आणि सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) या तिन्हींवर एकच बॅच नंबर असतो. वाचायला साधं वाटेल, पण आधीच्या सप्लायरकडे ड्रमवर एक आणि कागदावर दुसरा, विचारलं की उत्तर ठरलेलं, "माल तोच आहे हो". तोच आहे हे मी कशावरून धरायचं? ॲसिटोन आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ही दोन्ही सॉल्व्हंट दिसायला पाण्यासारखी, कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक) बघा तर ॲसिटोनचा ६७-६४-१ आणि आयपीएचा ६७-६३-०, घाईत वाचलं की गफलत झालीच. म्हणून आमच्याकडे ड्रम उतरवायच्या आधी यूएन नंबर (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा क्रमांक) पण बघतात, ॲसिटोन १०९० आणि आयपीए १२१९, चार आकडी असतो त्यामुळे उतरवणाऱ्या पोरांना पण पाठ झालाय.

लिटर-किलोच्या घोळाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण त्यात आम्ही चांगलेच अडकलो होतो. तोंडाने सगळे "२०० लिटरचा ड्रम" म्हणतात, पण आयपीए हलकं, लिटरला साधारण ७८५ ग्रॅम, त्यामुळे त्या ड्रममध्ये १६० किलोच्या आसपास भरतात, आणि ५० टक्के कॉस्टिक लाय लिटरला दीड किलोच्या वर जाते म्हणून तेवढ्याच ड्रममध्ये ३०० किलो बसते. आधीच्या सप्लायरच्या चलनावर नुसतं "ड्रम, २००" असायचं, आम्ही एन्ट्री २०० ची करायचो आणि माल द्यायचो किलोत, मग रजिस्टरला आयपीएच्या प्रत्येक ड्रममागे ४० शिल्लक दिसायचं आणि ड्रम बघावा तर कोरडा. दोन दिवस सगळं गोडाऊन लीकेज शोधत पालथं घातलं, प्रत्येक बुचाखाली हात फिरवला. लीकेज कुठेच नव्हतं. आता हे लोक प्रत्येक ड्रमवर नेट (नुसता माल), टेअर (रिकामा ड्रम) आणि ग्रॉस (दोन्ही मिळून) तिन्ही वजनं लिहितात, काट्यावर ठेवलं की लगेच जुळतं.

एसडीएस, म्हणजे मालाच्या सुरक्षिततेची माहितीपत्रिका (आमच्याकडे अजून सगळे एमएसडीएसच म्हणतात), पहिल्या लॉटबरोबर येते आणि रिव्हिजन झाली की न मागता परत पाठवतात, १६ च्या १६ सेक्शन भरलेले असतात. हायपो आणि ॲसिड गाडीत शेजारीशेजारी कधी आणत नाहीत, दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन सुटतो हे त्यांच्या ड्रायव्हरला पण माहितीये, हे मला खूप महत्त्वाचं वाटतं. छोट्या कारब्यात (प्लास्टिकच्या कॅनमध्ये) रिपॅक केलेल्या मालावर पण पूर्ण लेबल असतं, लाल चौकटीतली चित्रं, आणि डेंजर किंवा वॉर्निंग यापैकी जो असेल तो एकच शब्द. डेंजर म्हणजे धोका जास्त, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगतो. मार्करने नाव लिहिलेले कारबे मी बघितलेत, ओल्या हाताने ते पुसलं जातं आणि मग आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

हायपोची ताकद ठेवून ठेवून उतरते, त्यामुळे नुसता बॅच नंबर पुरत नाही, भरल्याची तारीख द्या असं सांगितलं. सुरुवातीला कुरकुर केली पण आता लिहून देतात.

आता तक्रार. ५० टक्के पेरॉक्साइडच्या एका लॉटला व्हेंटवाली (गॅस बाहेर जाऊ देणारी) झाकणं नव्हती, साधी बंद झाकणं लावून पाठवली. पेरॉक्साइडमधून हळूहळू ऑक्सिजन सुटत राहतो, त्याला बाहेर जायला वाट लागतेच. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर एका कारब्याच्या भिंती फुगलेल्या, बूड गोल झालेलं, जमिनीवर नीट बसत पण नव्हता. कारबा नवा होता, यूएन मार्कमध्ये वाय होता म्हणजे त्या मालाला चालणारा, चुकलं फक्त झाकण. मी सगळ्यांना बाहेर काढलं, कोणाला हात लावू दिला नाही आणि फोन केला. त्यांचा माणूस फेस शील्ड, ग्लोव्हज घालून आला, सगळा लॉट बदलून दिला, वाद अजिबात घातला नाही, याचे मार्क देतो. पण कारण काय सांगितलं, तर रिपॅकिंगला व्हेंट झाकणं संपली होती. अहो, संपली तर बॅक ऑर्डरला टाका, मी चार दिवस थांबलो असतो, प्रॉडक्शनवाल्यांची बोलणी पण खाल्ली असती. त्या कारब्याशेजारी माझी माणसं काम करत होती.

लेबल आणि कागदपत्रांना ५ पैकी ५, वजनाला ५, पॅकिंगला ३. आता पेरॉक्साइडची गाडी निघायच्या आधी झाकणांचा फोटो पाठवायचा अशी अट पर्चेस ऑर्डरमध्येच टाकलीये. मागच्या तीन लॉटला फोटो आले, झाकणं बरोबर होती. चौथ्याची ऑर्डर काल गेलीये.