पानछपाईचं जॉबवर्क आणि बुडालेलं डिपॉझिट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बचत गटाला 40 कोरी डेनिम जॅकेटं आणून दिली गेली. त्यांवर सागाच्या पानांची छपाई करायची, म्हणजे खरी पानं कापडात गुंडाळून वाफेवर त्यांचा रंग उमटवायचा, आणि माल परत द्यायचा. जॅकेटमागे 700 रुपये डिपॉझिट, म्हणजे 28,000 रुपये व्यापाऱ्याने आधीच घेतले. मजुरी माल उचलताना. शेवटी माल ‘रिजेक्ट’ झाला, मजुरी नाही, डिपॉझिट नाही, जॅकेटं गटाच्याच गळ्यात. डिपॉझिट कसलं, ती त्याची विक्रीच होती. बाजारात न खपणारा लॉट त्याने 700 रुपये नगाने खपवला.

रिजेक्टचं पहिलं कारण माप. लेबल एलचं, पण छपाईनंतर उंची 60 सेंटिमीटरवरून 55 वर आली, बाही 58 वरून साडेत्रेपन्नवर. छाती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरनी कमी. यात बायांचा काडीचा दोष नाही. मागावर ताणा, म्हणजे कापडाचे लांबीकडचे धागे, ओढलेला असतो. गिरणीत कापड सॅन्फोराइज (यंत्राने आधीच आटवलेलं) केलेलं नसेल, तर पहिल्या गरम पाण्यात किंवा वाफेत तो ताण सुटतो आणि कापड लांबीत सात ते दहा टक्के आटतं. उंची आणि बाही ताण्याच्याच दिशेने बेतलेल्या, त्यामुळे तिथेच फटका. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो बजावून गेला, “माल धुतलेला आहे ताई, उकळू नका, शिवण खराब होईल.” आधी उकळलं असतं तर छपाईपूर्वीच बिंग फुटलं असतं.

असा माल आला की जॅकेट उलटं करून आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. तो न मुरता उभा राहिला, तर कापड धुतलेलं नाही. शेजारी बेटाडिनचा थेंब टाका. काळानिळा झाला तर खळ, म्हणजे विणताना धाग्याला लावलेली पिठाची कांजी, शिल्लक आहे. मात्र डाग पडला नाही म्हणून कापड आटणार नाही असं नव्हे. त्याला उपाय एकच: एक जॅकेट मोजून घ्यायचं, 15 लिटर पाण्यात 35 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळायचं, वाळवून पुन्हा मोजायचं. खळ काढायला हे करावंच लागतं, नाहीतर रंग खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर जातो.

दुसरं कारण बटणांभोवतीचे काळे डाग. बटणं वरून पितळी दिसत होती, पण आत लोखंड. रंग धरावा म्हणून कापड हिरड्याच्या पाण्यात घालतात, आणि त्यात लोखंड गेलं की काळं होणारच. चुंबक लावून बघा. चिकटलं तर बटणं काढल्याशिवाय कपडा भांड्यात टाकू नका. शिवणीचा धागा पांढराच राहिला, हीही तक्रार झाली. पॉलिस्टरचा धागा हिरडा-तुरटीचा रंग धरत नाही, एवढंच.

सगळ्यात चीड आणणारी त्याची ‘पक्क्या रंगाची टेस्ट’. छापलेल्या करड्या पानावर त्याने लिंबू पिळलं, पान फिकं पडलं, “रंग कच्चा”! हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि हिरड्याचा कुठलाही करडा-काळा रंग लिंबाने उतरतो, कितीही नीट बसवलेला असो. उलट लिंबाने ढिम्म न हलणारं करडं पान बहुधा स्क्रीनने छापलेलं निघेल. सागाच्या पानांचे ठसे हुबेहूब सारखेच आले असतील, तर शंकाच नको.

700 ग्रॅमच्या जॅकेटला हिरडा आणि तुरटी प्रत्येकी 105 ग्रॅम, हिराकस 14 ग्रॅम पुरतं. हिराकस जास्त झालं तर सूत कुजतं. कोवळं पान पावसाळ्याच्या तोंडाशी घ्या, घट्ट गुंडाळून दोन तास वाफ द्या.

चलानावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, नुसतं ‘एल’ लिहून घेऊ नका. छाती, उंची, बाही सेंटिमीटरमध्ये, कापड आधी आटवलेलं आहे की नाही, आणि आटलं तर नुकसान कोणाचं, हे सहीनिशी हवं. डिपॉझिट रोख देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार द्यायची वेळ आली, तर ठाण्यात आधी कागदच मागतात.

गळ्यात पडलेली जॅकेटं वाया जात नाहीत. एलचं लेबल उसवा, प्रत्यक्ष माप लिहा, बटणं बदला. गिऱ्हाइकाला सोबत चिठ्ठी द्या: रिठ्याच्या पाण्यात, उलटं करून धुवा, सावलीत वाळवा, लिंबू, चिंच, लोणचं सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा.