कार्डिॲक अरेस्टनंतर मेमरीच्या उपचारांसाठी ह्या सेंटरमध्ये आलो, आमचा अनुभव

आमच्या ह्यांना फेब्रुवारीत बॅडमिंटन खेळताना कार्डिॲक अरेस्ट आला, म्हणजे हृदयच अचानक थांबलं, सोबतच्या एकाने लगेच छाती दाबायला घेतली म्हणून वाचले. आयसीयू, स्टेंट, १६ दिवसांनी घरी. हॉस्पिटलमध्ये सगळे म्हणाले हार्ट एकदम ओके, आणि ते होतंच, पण घरी आल्यावर दिवसातून पाच वेळा विचारायचे, "आज वार कोणता गं?" दूध गॅसवर ठेवून विसरायचे, आणि २५ वर्षं अकाउंट्स केलेल्या माणसाला लाइट बिल भरता भरता आपण काय करत होतो तेच आठवेना. सासूबाई म्हणायच्या अशक्तपणा आहे, मला वाटायचं औषधांनी होतंय. डिस्चार्जच्या वेळी मेंदूबद्दल एका शब्दाने कोणी बोललं नव्हतं, त्याचा राग अजून आहे मला.

इथे सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी उपचार करणाऱ्या मॅडमनी सव्वा तास दिला. मोका (MoCA) टेस्ट घेतली, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासायची छोटी चाचणी, तीही मराठीतून, ३० मार्कांची, २६ किंवा वर असले तर नॉर्मल धरतात. ह्यांना १९. घड्याळ छान काढलं, काटे बरोबर लावले, मला हायसं वाटलं, आणि मग थोड्या वेळापूर्वी सांगितलेले पाच शब्द विचारले तर नुसते माझ्याकडे बघत राहिले. एकही नाही.

मॅडमनी नीट समजावलं. हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो, चार-पाच मिनिटांत पेशींना इजा व्हायला लागते आणि नवीन आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस ऑक्सिजनच्या बाबतीत फार नाजूक. म्हणून आमच्या लग्नातलं सगळं आठवतं पण सकाळचा नाश्ता नाही. वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना असं काही ना काही राहतं म्हणे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर २०२० मध्ये 'रिकव्हरी', म्हणजे नंतरचं बरं होणं, ही वेगळी कडीच जोडली अरेस्टच्या पेशंटचा जीव वाचवायच्या टप्प्यांच्या साखळीत, मग आपल्याकडे घरच्यांना दोन ओळी लिहून द्यायला काय हरकत आहे?

गेम्स वगैरे खेळवत बसत नाहीत इथे. खिशात एक डायरी, मोबाइलवर अलार्म, किल्ल्यांची जागा ठरलेली, एका वेळी एकच काम. छोटा ओटा आहे तिथे ह्यांच्याकडून चहा करून घेतला, साखर टाकून झाली आणि हात परत साखरेच्या डब्याकडे गेला, तर मॅडम ओरडल्या नाहीत, नुसतं समोरच्या कार्डावर बोट ठेवलं. मलाही विचारलं, तुम्ही झोपता का रात्री? मी ह्यांचा श्वास चालू आहे ना ते बघत जागी असायची, तिथेच रडू आलं.

चार महिन्यांनी मोका २४. ऑफिस अर्धा दिवस सुरू केलंय. आधीसारखे नाहीत, पण डायरी बघून वार स्वतः सांगतात.

त्रास म्हणजे नंबर लागायला तीन आठवडे गेले, लिफ्ट नाही आणि इन्शुरन्सने एक रुपया दिला नाही. अपॉइंटमेंट सकाळचीच घ्या, दुपारनंतर हे पेशंट फार थकतात. आणि रोज सोबत राहणारं माणूस आत घेऊन जा, हे स्वतः तर "मला काही प्रॉब्लेम नाही" म्हणूनच बसले होते.