बेटावरचे रिसॉर्ट: पाण्याजवळच्या सुरक्षेचे परीक्षण

पहिल्याच सकाळी आम्ही किनाऱ्याच्या डाव्या टोकाकडे निघालो, कारण तिथले पाणी सर्वांत शांत दिसत होते. मनोऱ्यावरचा जीवरक्षक लगेच खाली उतरून आला आणि त्याने आम्हाला तिथे जाऊ दिले नाही. कारण सांगण्याआधी त्याने वाळूवरचे नारळाचे एक सुके सोडण उचलले आणि त्या ‘शांत’ पाण्यात टाकले. वारा किनाऱ्याकडे वाहत होता, तरीही ते सोडण बघता बघता उलट दिशेला, उघड्या समुद्राकडे निघून गेले. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले. पुढचे सहा दिवस डाव्या टोकाला का जायचे नाही, हे तिला पुन्हा एकदाही सांगावे लागले नाही.

उष्णकटिबंधीय बेटावरच्या या रिसॉर्टमध्ये आम्ही सहा रात्री राहिलो: पत्नी, मुलगी, सत्तरी ओलांडलेले माझे वडील आणि मी. काही गंभीर त्रुटीही लिहायच्या असल्यामुळे रिसॉर्टचे नाव येथे देत नाही. खोल्या आणि बाकीची बडदास्त चांगली होती, एवढे सांगून तो विषय मी बाजूला ठेवतो. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना अशा ठिकाणी निर्धास्त राहता येते का, एवढेच मला येथे तपासायचे आहे. माझ्या मते याची एकच खरी कसोटी आहे. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला तेथील माणसे वेळेवर ‘नाही’ म्हणू शकतात का?

त्या शांत पाण्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असली की लाटा तिच्यावर फुटतात आणि पाणी आतल्या उथळ भागात सतत ढकलले जाते. आत आलेल्या पाण्याला परत जाण्यासाठी भिंतीतली खिंड हीच वाट असते, आणि ओहोटीच्या वेळी तिथली ओढ आणखी वाढते. खिंडीत पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्या माणसाला नेमका तोच भाग पोहायला योग्य वाटतो. मोकळ्या वाळूच्या किनाऱ्यावरही परतीचा प्रवाह असाच तयार होतो आणि त्याचा वेग क्वचित सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो. त्या वेगाच्या विरुद्ध दिशेने निष्णात जलतरणपटूही फार काळ पोहू शकत नाही. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजत राहू नये, कारण बुडणारी माणसे बहुधा थकव्याने बुडतात. पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर पडावे. जीवरक्षकाने हे सर्व आम्हाला पाच मिनिटांत समजावले आणि मुलीकडून कोरड्या वाळूवर करूनही घेतले. एवढ्या तळमळीने शिकवणारा माणूस मला दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यावर भेटलेला नाही.

झेंड्यांची व्यवस्था आंतरराष्ट्रीय पद्धतीची आहे. वर लाल आणि खाली पिवळा पट्टा असलेल्या दोन झेंड्यांमधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते, म्हणून पोहायचे ते तिथेच. नुसता लाल झेंडा मोठा धोका दाखवतो, दोन लाल झेंडे असल्यास पाण्यात उतरण्यास बंदी असते, आणि जांभळा झेंडा पाण्यात दंश करणारे जीव असल्याचे सांगतो. दुर्दैवाने ही माहिती फक्त मनोऱ्याच्या फलकावर आहे, खोलीतल्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. तिसऱ्या दिवशी जांभळा झेंडा लागला होता. तो मी पाहिला, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. अर्ध्या तासात माझ्या हाताला ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या, दंश करणाऱ्या समुद्री जीवाचे तंतू गुंडाळले गेले आणि कोपरापासून मनगटापर्यंत आगीची रेघ ओढल्यासारखी वेदना झाली. फलक न वाचण्याची चूक माझी होती, हे मान्य करतो. तरीही खोलीच्या दारामागे झेंड्यांचे एक रंगीत चित्र लावणे रिसॉर्टला मुळीच अवघड नाही.

त्यानंतरचे प्रथमोपचार मात्र उत्तम होते. जीवरक्षकाने मला हात चोळू दिला नाही. तंतू चिमट्याने काढले, समुद्राच्याच पाण्याने हात धुतला आणि मग सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तो वीस मिनिटे बुडवून ठेवला. पाणी किती गरम आहे, हे त्याने आधी स्वतःच्या हातावर पाहिले, कारण वेदनेच्या भरात पोळल्याचे रुग्णाच्या लक्षात येत नाही. मनोऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्याही होत्या, पण त्या बॉक्स जेलीफिशच्या दंशासाठी होत्या. त्या दंशात व्हिनेगर ओतल्याने त्वचेवर चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या दंशपेशी निकामी होतात. ब्लू बॉटलला तोच उपाय लावणे योग्य मानले जात नाही. हा फरक जाणणारा माणूस किनाऱ्यावर हजर असणे ही लहान गोष्ट नाही. स्टोनफिशचा काटा पायात गेल्यासही गरम पाण्याचाच उपाय पहिला असतो, म्हणून मनोऱ्यावर थर्मास नेहमी भरलेला असतो. हा मासा उथळ पाण्यात दगडासारखा निश्चल पडून राहतो आणि त्याचे काटे पातळ चप्पल भेदू शकतात. रिसॉर्ट पाण्यात घालायचे जाड तळव्याचे बूट देते. ते जरूर घ्यावेत आणि प्रवाळाजवळ पाय टाकताना तळ पाहूनच टाकावा.

स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत मासे पाहण्याच्या सहलीबद्दल माझे मत संमिश्र आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून आरोग्याचा अर्ज भरून घेतात आणि तो खरोखर वाचतात. वडिलांनी रक्तदाब आणि हृदयाच्या औषधांविषयी प्रामाणिकपणे लिहिले होते. होडीच्या प्रमुखाने त्यांना बाजूला घेऊन, अत्यंत आदराने, होडीवरून खोल पाण्यात न उतरण्याची विनंती केली. दुपारी त्यानेच त्यांना किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून मासे दाखवले. स्नॉर्केलच्या नळीतून श्वास घ्यायला जोर लागतो, शिवाय तोंड पाण्यात असल्यामुळे त्रासात असलेला माणूस दुरून निवांत तरंगत असल्यासारखा दिसतो. त्यामुळे वयस्कर माणसाला ही मर्यादा घालणे मला पूर्ण योग्य वाटले. वडील आधी थोडे नाराज झाले होते, पण संध्याकाळी त्यांनीच त्या प्रमुखाचे आभार मानले.

त्याच होडीवर मुलीला दिलेले लाईफ जॅकेट मात्र मोठ्या माणसाचे होते आणि त्याला दोन पायांमधून घ्यायचा पट्टा नव्हता. जॅकेट खांद्याजवळ धरून वर उचलले तर ते तिच्या कानांपर्यंत आले. पाण्यात तेच झाले असते: जॅकेट तरंगले असते आणि मूल त्यातून खाली सरकले असते. मी तिला होडीत बसवण्यास नकार दिला. वीस मिनिटांनी तिच्या मापाचे जॅकेट आले, म्हणजे ते रिसॉर्टकडे होते, पण होडीवर ठेवलेले नव्हते. पालकांनी ही खांद्याजवळ उचलून पाहण्याची चाचणी प्रत्येक वेळी करावी, आणि पट्टे कोणी बांधले असतील तरी स्वतः ओढून पाहावेत.

डायव्हिंग केंद्राला मी पूर्ण गुण देतो. पत्नीने चौथ्या आणि पाचव्या दिवशी डाइव्ह केले आणि शेवटच्या सकाळी आणखी एक करण्याची तिची इच्छा होती. विमान संध्याकाळचे आहे हे कळताच केंद्राने साफ नकार दिला. लागोपाठ अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाखाली बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो, आणि त्याचे परिणाम सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही असू शकतात. नकार देऊन त्यांनी आपले उत्पन्न सोडले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

उन्हाबाबत रिसॉर्टला दोष देता येणार नाही. किनाऱ्यावर भरपूर सावली आहे, पिण्याचे पाणी जागोजागी आहे आणि स्वागतकक्षात रोजचा अतिनील निर्देशांक लिहिलेला असतो. आम्ही होतो तेव्हा तो बहुतेक दिवस ११ च्या पुढे, म्हणजे सर्वोच्च पातळीवर होता. एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) ३० चे सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के आणि ५० चे सुमारे ९८ टक्के अतिनील-ब किरण अडवते, म्हणजे आकड्यांतला फरक वाटतो तितका मोठा नाही. खरा फरक किती जाड थर लावतो याने पडतो. चाचणीत त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात, आणि त्या हिशेबाने प्रौढ माणसाच्या सर्वांगाला तीसेक मिलिलिटर लागते, तेही दर दोन तासांनी. इतके कोणी लावत नाही, म्हणून पाण्यात लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे हाच सोपा उपाय आहे. मास्क लावून पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या तासन्‌तास उघड्या राहतात आणि थंड पाण्यामुळे भाजल्याचे जाणवत नाही. डासांसाठी मलम लावायचे असल्यास ते सनस्क्रीननंतर लावावे, आणि दिवसाही लावावे, कारण डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो.

त्सुनामीच्या तयारीबद्दल मला काळजी वाटली. प्रत्येक खोलीत टेकडीवर जाण्याच्या वाटेचा नकाशा आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही ती वाट चालून पाहिली, तर एका वळणावर बांधकामाच्या सामानाने ती अर्धी अडवलेली होती. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडमधल्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीला समुद्राचे फेसाळणारे पाणी पाहून शाळेत नुकताच शिकलेला भूगोलाचा धडा आठवला आणि तिच्या इशाऱ्यामुळे तो किनारा वेळेत रिकामा झाला. इशारा मिळाल्यानंतर हाती मिनिटेच उरतात, त्या मिनिटांत सिमेंटची पोती ओलांडण्याची वेळ येऊ नये. भूकंपाचा लांबलेला धक्का जाणवला किंवा समुद्र अचानक मागे सरला, तर कोणाच्याही घोषणेची वाट न पाहता उंचावर जायचे, हे आम्ही मुलीला त्या वाटेवरच सांगितले. तक्रार केल्यावर सामान दुसऱ्याच दिवशी हलवले गेले.

माझी सर्वांत मोठी तक्रार संध्याकाळची आहे. जीवरक्षक सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळेत असतात, पण उन्ह उतरल्यावर पाण्यात सर्वांत जास्त गर्दी पाच ते साडेसहा याच वेळेत होते. त्याहून वाईट म्हणजे दोन संध्याकाळी जीवरक्षक निघून गेल्यावरही लाल-पिवळे झेंडे वाळूत तसेच रोवलेले होते. त्या झेंड्यांचा अर्थ ‘येथे कोणीतरी पाहत आहे’ असा आहे. मनोरा रिकामा असताना ते फडकत राहिले, तर झेंडे नसण्यापेक्षाही ते घातक ठरतात, कारण त्यांच्या भरवशावर आईवडील किनाऱ्यावर गप्पांत रमतात. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत राहते, श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती जाते आणि काही सेकंदांत ते दिसेनासे होते. त्या दोन्ही संध्याकाळी आम्ही मुलीपासून हातभर अंतरावर, पाण्यातच उभे राहिलो.

निघताना मी हे सर्व व्यवस्थापकांना लेखी दिले. मुलांची लाईफ जॅकेट होडीवरच ठेवण्याचे आणि जीवरक्षकांनी जाताना झेंडे उतरवण्याचे त्यांनी मान्य केले, खोल्यांत झेंड्यांचे चित्र लावण्याची सूचनाही लिहून घेतली. जीवरक्षकांची वेळ सूर्यास्तापर्यंत वाढवण्याबाबत मात्र त्यांनी कोणतेही आश्वासन दिले नाही. पाचपैकी साडेतीन गुण देत आहे. अर्धा गुण केवळ या वेळेसाठी राखून ठेवला आहे, आणि ती वाढल्याचे कळेपर्यंत मी कोणालाही तिथे पाचनंतर लहान मुलांना पाण्यात नेण्याचा सल्ला देणार नाही.